पांढरा धूर आणि घटणारे कूलंट : ग्वाल्हेरमधील एका गाडीचे निदान

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दौलतगंजातील एक निवृत्त काका आपली गाडी घेऊन शिंदे की छावणीतील माझ्या वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा गाडीच्या कागदांसोबत त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजचे अंदाजपत्रकही माझ्यापुढे ठेवले. त्यात इंजिन उतरवून रिंग (पिस्टनभोवतीची, फट बंद ठेवणारी कडी) बदलणे, व्हॉल्व्हचे काम आणि मजुरी असे मिळून 46,000 रुपये लिहिले होते. तक्रार एका ओळीची होती : सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. काकांचा प्रश्नही तितकाच सरळ होता. "अकरा वर्षांच्या गाडीत एवढे पैसे घालायचे, की ती विकून टाकायची?"

या प्रकरणाची संपूर्ण नोंद मी लिहून ठेवत आहे, कारण दोष शोधायला जितका वेळ लागला त्याहून अधिक वेळ तो झाकणाऱ्या समजुती बाजूला करायला लागला. पांढऱ्या धुराविषयी आमच्या भागात दोनच मते ऐकू येतात. थंडीत असे होतेच, दुर्लक्ष करा, हे एक. इंजिन गेले, हे दुसरे. ही गाडी पहिल्या मतामुळे तीन आठवडे तशीच चालवली गेली आणि दुसऱ्या मतामुळे तिचे चांगले इंजिन खोलले जाणार होते.

गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, 1.2 लिटरची, 2014 सालची. मीटरवर 86,400 किलोमीटर. काकांची मुलगी ती रोज ठाठीपूरला कार्यालयात नेते आणि संध्याकाळी परत आणते. म्हणजे दिवसातून दोनदा इंजिन तापते आणि दोनदा पूर्ण थंड होते. वरवर किरकोळ वाटणारी ही माहिती पुढे सर्वांत उपयोगी पडली.

आधीच्या गॅरेजने केलेले काम निष्काळजीपणाचे होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी स्कॅनर लावला, पी0303 हा कोड मिळाला, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतो आहे, त्यात इंधन नीट पेटत नाही, हे त्यांना कळले. त्यांनी त्या सिलिंडरचा प्लग आणि कॉइल, म्हणजे ठिणगी देणारे भाग, बदलले. धूर थांबला नाही. मग त्यांनी गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन चढणारा दाब, तपासले आणि चारही आकडे कागदावर लिहून दिले : 12.6, 12.8, 12.1 आणि 12.7 बार. आकडे ठीक आहेत, तेव्हा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे वरचे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील, शाबूत आहे. गॅस्केट शाबूत आहे आणि तरी धूर येतो, तेव्हा रिंग गेल्या. असा त्यांचा तर्क होता. हा तर्क स्वतःलाच छेद देतो. रिंग गेल्या असत्या तर कॉम्प्रेशन उतरले असते, आणि रिंगांवाटे ऑइल जळले असते तर धुरात निळसर झाक दिसली असती, जळक्या तेलाचा वास आला असता आणि ऑइलची पातळी खाली गेली असती. काकांच्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते. डिपस्टिकवर ऑइल पूर्ण होते आणि त्याचा रंगही नेहमीसारखा होता.

ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र साय धरल्यासारखा फिकट पिवळा थर होता. ऑइलमध्ये पाणी गेल्याची खूण म्हणून अनेक मिस्त्री तो थर गिऱ्हाइकाला दाखवतात. थंडीच्या दिवसांत पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, इंजिन पूर्ण तापायच्या आत ते बंद होत असल्यामुळे, आतली वाफ झाकणाच्या थंड पत्र्यावर पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते आणि तसाच थर बनतो. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ नसेल तर केवळ झाकणावरच्या सायीवरून निष्कर्ष काढू नये. मी तो थर पुसला आणि नोंदवहीत "पुरावा नाही" असे लिहिले.

धूर की वाफ

पहिला प्रश्न असा होता की जे दिसते आहे ते दोषाचे लक्षण आहे की नाही. पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचे पाणी होते, आणि हे पाणी थोडेथोडके नसते : एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर जाते. उन्हाळ्यात ती वाफ दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा 5-6 अंशांवर उतरतो, पहाटे धुके असते, सायलेन्सरचा पत्रा बर्फासारखा गार असतो. तेव्हा तीच वाफ बाहेर पडताच गारठून बारीक थेंबांची होते आणि ढगासारखी दिसते. निरोगी गाडीतही हे होते आणि सायलेन्सर तापला की काही मिनिटांत थांबते. काकांना कोणीतरी असेही सांगितले होते की हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, त्याचा हा धूर आहे. एक लिटर इथेनॉल जळून जे पाणी बनते ते जवळजवळ पेट्रोलच्या पाण्याएवढेच असते, त्यामुळे हे कारण टिकत नाही.

वाफ दिसणे सकाळी स्वाभाविक असेल तर सकाळची पाहणी निर्णायक ठरू शकत नाही, हे उघड आहे. तरीही बहुतेक जण गाडी सकाळीच पाहतात, कारण तक्रार सकाळची असते. मी दोन गोष्टी ठरवल्या. गाडी दुपारी पाहायची, आणि शेजारी तुलनेसाठी दुसरी गाडी उभी करायची. आमच्या शेजारच्या दुकानदाराकडे साधारण तेवढ्याच वयाची 1.2 लिटरची पेट्रोल गाडी आहे, ती मी मागून घेतली. सकाळी सात वाजता, 6 अंश तापमानात, दोन्ही गाड्या सुरू केल्या. दोघींनी वाफ सोडली. शेजारच्या गाडीची वाफ चार मिनिटांत विरळ झाली, काकांच्या गाडीची आठ मिनिटे टिकली. फरक होता, पण एवढ्यावर कोणी इंजिन उघडू नये.

मग दोन्ही गाड्या सात तासांहून अधिक वेळ बंद ठेवल्या आणि दुपारी अडीच वाजता, उन्हात 23 अंश असताना, पुन्हा सुरू केल्या. शेजारच्या गाडीच्या सायलेन्सरमागे हवा स्वच्छ होती. काकांची गाडी पहिली वीस-पंचवीस सेकंद थरथरली आणि मग दाट पांढरा लोट बाहेर आला. निव्वळ वाफ असती तर ती दोन-तीन फुटांवर हवेत विरून गेली असती. हा लोट वर्कशॉपच्या दारापर्यंत रेंगाळला आणि त्याला किंचित गोडसर वास होता. सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या पांढऱ्या कपड्यावर नुसते पाणी आले नव्हते, बोटांना चिकट लागणारा ओलावा आला होता. कूलंटमधील (इंजिन थंड ठेवणारा द्रव, ज्याला आम्ही बोलताना पाणीच म्हणतो) इथिलीन ग्लायकॉलची ही लक्षणे आहेत. हा पदार्थ विषारी आहे, त्यामुळे चव घेऊन खात्री करण्याची काही जुन्या कारागिरांची सवय सोडायला हवी, आणि वासही मुद्दाम सायलेन्सरजवळ तोंड नेऊन घेऊ नये.

गाडी डिझेलची असती तर मी इथे वेगळ्या वाटेने गेलो असतो. डिझेल इंजिन थंड असताना न जळलेले डिझेलही पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. तो धूर डोळ्यांना झोंबतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो, आणि त्याचे मूळ ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा टायमिंगमध्ये असू शकते. पेट्रोलच्या गाडीत दुपारच्या उन्हात टिकणारा पांढरा लोट जवळजवळ नेहमी पाण्याकडेच बोट दाखवतो.

पाण्याचा हिशेब

कूलंट इंजिनात जळत असेल तर ते कुठून तरी कमी व्हायलाच हवे. हे इतके साधे आहे की ते कोणी मोजत नाही. काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाणी तर मी दर आठ-दहा दिवसांनी घालतोच, जुनी गाडी आहे." किती घालता, हे त्यांना सांगता आले नाही. घराच्या बोअरचे पाणी तांब्याने ओतले जात होते.

मी थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून तो काठोकाठ भरला, कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारली आणि ताईंना, म्हणजे काकांच्या मुलीला, रोज सकाळी सुरू करण्यापूर्वी पातळी पाहायला सांगितली. झाकणाबाबत एक सूचना मी त्यांना दोनदा दिली आणि इथेही देतो. गरम इंजिनाचे रेडिएटर कधीही उघडू नये. झाकण 0.9 बारचा दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते एकदम उसळून अंगावर येते.

केवळ बाटलीवर विसंबूनही चालत नाही. दहनाचा वायू पाण्यात शिरत असेल तर तो पाणी बाटलीकडे ढकलतो, आणि रेडिएटर रिकामा होत असताना बाटली भरलेली दिसते. म्हणून सहाव्या दिवशी मी दोन्ही पातळ्या स्वतः तपासल्या आणि मोजपात्राने भरून काढल्या. 250 मिलिलिटर कमी झाले होते. होजपाइप, रेडिएटर आणि वॉटर पंपाखालचे भोक कोरडे होते. डॅशबोर्डखालचा गालिचाही कोरडा होता, म्हणजे हीटरचा कोअर गळत नव्हता. पाणी बाहेर कुठेही गेले नव्हते.

त्याच संध्याकाळी मी एक आकडेमोड केली आणि ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती असे मला आजही वाटते. 1.2 लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे 300 मिलिलिटर येते. कॉम्प्रेशन रेशो 10 धरला तर पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा सुमारे 33 मिलिलिटर असते. सहा दिवसांत इंजिन बारा वेळा थंड झाले, म्हणजे दर खेपेला सरासरी 20 मिलिलिटर पाणी गेले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एखाद्या रात्री दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना तिसऱ्या सिलिंडरमध्ये 33 मिलिलिटर साचले असते, तर सकाळी सेल्फ मारताच पिस्टन त्या पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकला असता. मग 46,000 रुपयांतही काम भागले नसते. मी ताईंना फोन करून सांगितले की गाडी आता सुरू करू नका. दुसऱ्या दिवशी ती दोराने ओढून आणली.

जूनमधली गोष्ट

गाडी आणताना ताई सोबत होत्या. गाडी यापूर्वी कधी तापली होती का, हे मी काकांना विचारले होते आणि त्यांनी नाही म्हटले होते. तोच प्रश्न ताईंना विचारला तेव्हा त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "दादा, जूनमध्ये आम्ही दतियाला पीतांबरा पीठाला गेलो होतो. डबऱ्याजवळ जाम लागला होता, तेव्हा काटा लाल रेघेवर गेला होता."

ग्वाल्हेरहून दतिया साधारण 75 किलोमीटर आहे. जूनच्या दुपारी या रस्त्यावर 44-45 अंशांची धग असते. गाडी चालती असेपर्यंत समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. जाममध्ये उभ्या गाडीला केवळ फॅनचाच आधार असतो. त्या दिवशी फॅन फिरत नव्हता. बॉनेटमधून वाफ येऊ लागल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, आणि मदतीला आलेल्या एका ट्रकवाल्याने जवळच्या हातपंपाचे गार पाणी आणून इंजिनावर आणि रेडिएटरमध्ये ओतले. त्याचा हेतू चांगलाच होता. पण ॲल्युमिनियमचे हेड तापून फुगलेले असताना त्याचा एक भाग अचानक गार झाला की ते पिळवटते. रस्त्याकडेच्या एका इलेक्ट्रिशियनने फॅनचा रिले, म्हणजे फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच, हलवला, फॅन सुरू झाला, मंडळी दर्शन घेऊन घरी आली आणि विषय संपला.

जून ते डिसेंबर दोष दिसला नाही, याचे कारण मला असे वाटते की हेड आणि ब्लॉक यांच्यामधली फट सुरुवातीला इतकी सूक्ष्म होती की गॅस्केटने ती सांभाळून घेतली. पुढे रोजच्या दोन तापण्या-निवण्यांत ती हळूहळू वाढली, आणि पावसाळ्यात व दिवाळीपर्यंत जो थोडा पांढरेपणा दिसला असेल तो कोणाच्या लक्षात आला नाही. थंडी पडल्यावर वाफ दिसू लागली, म्हणून सर्वांनी थंडीलाच कारण मानले.

चाचण्या

गॅस्केटच्या फटीतून गळती दोन दिशांनी होते आणि ती वेळेप्रमाणे दिशा बदलते. इंजिन चालू असताना सिलिंडरमध्ये दहनाचा दाब 40-50 बारपर्यंत चढतो आणि पाण्याच्या बाजूला जेमतेम 1 बार असतो. तेव्हा वायू पाण्यात शिरतो. इंजिन बंद झाले की सिलिंडरमधला दाब शून्यावर येतो, पण गरम रेडिएटरमध्ये दाब काही वेळ तसाच राहतो. तेव्हा पाणी सिलिंडरमध्ये शिरते. शिवाय धातू गरम असताना फुगून लहान फट मिटवतो आणि निवताना ती पुन्हा उघडतो. आधीच्या गॅरेजचे कॉम्प्रेशन गरम इंजिनावर घेतलेले होते आणि इतकी बारीक फट त्यात सहसा दिसतच नाही. 12.1 बार हा तिसऱ्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा थोडा कमी होता एवढेच. कोणतीही पुस्तिका त्यावर आक्षेप घेणार नाही.

माझी पहिली चाचणीही फसली. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी लावून पाण्यावरची हवा त्यातून ओढायची. त्या हवेत दहनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. त्याआधी सिलिंडर प्लग काढून कोरडे केले होते. इंजिन थंड असतानाच नळी बसवून ते सुरू केले आणि तापेपर्यंत जागेवर चालवले. पाच मिनिटांनीही रंग निळाच राहिला. माझ्याकडे शिकणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे गॅस्केट ठीक आहे." ही चाचणी फक्त वायू पाण्यात जातो का एवढेच सांगते, जागेवर चालणाऱ्या इंजिनात दाब कमी असतो, आणि पाणी सिलिंडरमध्ये जाते का हे तिला विचारलेलेच नसते. रंग पिवळा झाला असता तर दोष सिद्ध झाला असता. रंग न बदलल्याने काहीच सिद्ध झाले नाही.

म्हणून पाण्याच्याच बाजूने दाब द्यायचे ठरवले. संध्याकाळी पूर्ण थंड इंजिनावर हातपंपाने कूलिंगच्या भागात 1 बार दाब भरला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काटा 0.65 वर होता. रात्रीत वर्कशॉपचे तापमान 20 वरून 8 अंशांवर आले होते, त्यामुळे आतली हवा आकसून दाब थोडा उतरणारच. त्याचा हिशेब सुमारे 0.08 बार येतो. उरलेली घट गळतीची होती. गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर एकही थेंब नव्हता. पंपाचा जोडच गळत असेल ही शंका उरू नये म्हणून पुढच्या रात्री तोच पंप शेजारच्या गाडीवर लावून पाहिला आणि तिथे काटा जवळजवळ जागेवर राहिला.

प्लग काढले. पहिला, दुसरा आणि चौथा प्लग फिकट तपकिरी होते. तिसरा, जो आधीच्या गॅरेजने नुकताच बदललेला होता, धुऊन काढल्यासारखा पांढरा होता. प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची नळी आत घातली. तीन पिस्टनांच्या डोक्यावर काळा कार्बन होता, तिसऱ्या पिस्टनचे डोके लखलखीत होते, कारण रोज सकाळी त्यावर वाफेची धुलाई होत होती, आणि त्याच्या कडेला फिकट हिरवे पाणी साचलेले दिसत होते. मग इंजेक्टर आणि कॉइलचे जोड काढून ठेवले, तिसऱ्या भोकासमोर पांढरा कागद धरण्यासाठी लांब काठी वापरली, सर्वांना बाजूला उभे केले आणि सेल्फ मारला. कागदावर हिरवट तुषार उमटले. तो कागद मी काकांना दाखवला. त्यानंतर त्यांनी विकण्याचा विषय काढला नाही.

उघडल्यावर

हेड उतरवताना बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल केले. गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडरच्या कड्यापासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत रबराचा लेप निघून एक काळी रेघ उमटली होती. हेडवर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरपाशी 0.09 मिलिमीटर फट मिळाली. या इंजिनाची मर्यादा 0.05 आहे. माणसाच्या केसाइतकी ही फट आहे. ब्लॉकचा माथा 0.03 च्या आत होता, म्हणून ब्लॉकला हात लावला नाही. सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यातल्या होनिंगच्या (बारीक घासणीच्या) तिरप्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे भिंती झिजलेल्या नव्हत्या. 86,000 किलोमीटरनंतर अशा भिंती असलेल्या इंजिनाच्या रिंग बदलणे म्हणजे काकांचे पैसे वाया घालवणे झाले असते, आणि ते त्यांना दाखवण्यासाठी मी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले.

हेड मशीन शॉपमध्ये पाठवले. फेसिंगच्या, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करण्याच्या, आधी त्याची पाण्याची भोके बंद करून, गरम पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब दिला; बुडबुडे आले नाहीत, म्हणजे हेडला तडा नव्हता. ही चाचणी वगळून थेट फेसिंग करणारे पुष्कळ आहेत. तडा गेलेल्या हेडला फेसिंग करून बसवले तर महिनाभरात तोच धूर पुन्हा येतो आणि दोष नव्या गॅस्केटवर जातो. पाण्याच्या वाटांमध्ये बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार जमला होता, तो साफ केला. फेसिंगमध्ये 0.12 मिलिमीटर धातू काढला.

नवे गॅस्केट कोरडेच बसवले, त्यावर कसलाही गोंद लावला नाही. बोल्ट नवे घेतले, कारण या इंजिनाचे बोल्ट आवळताना ताणले जाणारे आहेत आणि एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. मधून बाहेर, पुस्तिकेतल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळले.

यानंतरचे काम छोटे होते, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच होते. फॅनचा रिले उघडला तेव्हा त्याचे टोक जळून काळे पडलेले होते; जूनमध्ये तो हलवल्यावर चालू झाला आणि अधूनमधून पुन्हा अडकत असणार. रिले बदलला. रेडिएटरचे झाकण 0.9 ऐवजी 0.6 बारवरच सुटत होते, तेही बदलले. गॅस्केट बदलून हे दोन भाग तसेच ठेवले असते, तर पुढच्या जूनमध्ये याच गाडीची हीच नोंद मला पुन्हा लिहावी लागली असती. कूलंट शुद्ध पाण्यात अर्धे-अर्धे मिसळून भरले, हीटर पूर्ण गरमवर ठेवून आतली हवा काढली, ऑइल आणि फिल्टर खबरदारी म्हणून बदलले. एकूण खर्च 15,800 रुपये झाला.

गाडी पहिल्यांदा सुरू करण्याआधी मी काकांना सांगून ठेवले की आता पूर्वीपेक्षाही जास्त धूर दिसेल. सायलेन्सरमध्ये महिनाभराचे कूलंट साचलेले असते आणि ते तापून बाहेर पडेपर्यंत पांढरा लोट थांबत नाही. हे आधी न सांगितल्यामुळे चांगले काम झालेल्या गाड्या त्याच दिवशी पुन्हा उघडल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. झाशी रोडवर अर्ध्या तासाच्या फेरीनंतर तो लोट संपला. पी0303 पुसून टाकला होता, तो परत आला नाही. कूलंटमधील रसायने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा) यांवर बसून त्यांना निकामी करू शकतात, म्हणून पुढचे दोन आठवडे मी सेन्सरचे आकडे स्कॅनरवर पाहत राहिलो. ते योग्य मर्यादेत होते. धूर आणखी दोन-तीन महिने तसाच सोडला असता तर हे दोन्ही भाग वाचले असते असे मला वाटत नाही.

जानेवारीच्या मध्यावर, सकाळी सात वाजता, 6 अंश तापमानात, दोन्ही गाड्या पुन्हा शेजारी उभ्या केल्या. दोघींनी वाफ सोडली आणि दोघींची चार मिनिटांत विरळ झाली. दुपारी अडीच वाजता काकांच्या गाडीमागे काहीही दिसले नाही आणि सुरू होताना ती थरथरलीही नाही. मध्यंतरी गाडी 640 किलोमीटर चालली होती आणि कूलंट मार्करच्या रेघेवरच होते. त्या रेघेशेजारी ताईंनी तारीख लिहिली आहे, आणि दर रविवारी सकाळी थंड इंजिनावर त्या ती स्वतः पाहतात.